केळीचा चीक, भाताचा कोंडा आणि सहज न पेटणारं कापड

केळीचा चीक कपड्याला लागला की तो कपडा गेला, हे रावेर-यावलकडच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. साबण घासा, लिंबू चोळा, काहीही करा, तपकिरी डाग जागचा हलत नाही. आता हाच चीक, म्हणजे केळीच्या खांबातून निघणारं पाणी, माटुंग्याच्या सिरकॉटमधल्या लोकांनी मुद्दाम सुती कापडाला लावलं. सिरकॉट म्हणजे कापसावर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था, १९२४ पासूनची. लावलं आणि मग ते कापड पेटवून बघितलं. उभं धरून खालून ज्योत लावली तर काही सेकंद जळलं आणि विझलं. आडवं ठेवलं तर ज्योत धरलीच नाही, नुसतं कडेनं धुमसत पुढं सरकलं, तेही मिनिटाला साडेसात मिलिमीटर, म्हणजे साध्या कापडाच्या साधारण दहापट हळू. २०१५ च्या आसपास हे काम छापून आलं.

असं काही वाचलं की लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, बघा, निसर्गात सगळं आहे, केमिकलवाले उगाच लुटतात. दुसरा म्हणतो, हे सगळं लॅबमधलं कौतुक, बाजारात काही येत नाही. मला विचाराल तर दोघांचंही अर्धं बरोबर आहे, आणि घोडं नेमकं कुठं अडतंय ते कळायला थोडं रसायनशास्त्र समजून घ्यायला लागेल, पण घाबरू नका, दहावीच्या पुढचं काही नाही.

आधी कापड जळतं म्हणजे काय होतं ते बघू. पांढऱ्या सुती कापडाची बोटभर रुंद पट्टी चिमट्यात उभी धरा (मोरीत किंवा सिंकवर, पाण्याची बादली शेजारी ठेवून, आणि पोरांना लांब ठेवून) आणि खालच्या टोकाला काडी लावा. नीट बघितलंत तर दिसेल की कड आधी पिवळट होते, मग तपकिरी, मग त्यातून पातळ पांढरा धूर निघतो आणि ज्योत त्या धुराला धरते, कापडाला नाही. कापड आणि ज्योत यांच्यात बारीकशी मोकळी जागा असते. फुंकर मारून विझवा, धूर निघत असतानाच त्या धुरात पेटती काडी न्या, बऱ्याचदा ज्योत धुरावरून परत खाली येते. म्हणजे जळतो तो गॅस. कापडाचं काम फक्त तो गॅस बनवायचं.

हा गॅस येतो कुठून? कापूस म्हणजे जवळपास सगळा सेल्युलोज, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या. साधारण ३०० ते ३५० अंशांना या साखळ्या तुटायला लागतात आणि त्यातून लेव्होग्लुकोसान नावाचा पदार्थ तयार होतो, तो पुढं फुटून पेटणारे गॅस देतो. गॅस जळला की उष्णता, ती उष्णता परत कापडाला, कापड आणखी गॅस देतं, चक्र सुरू. आग थांबवायची म्हणजे हे चक्र कुठंतरी तोडायचं, बस्स. साखळी तुटताना गॅस होऊच न देता वेगळ्या वाटेनं न्यायची, किंवा गॅस झाला तरी तो हवेत जळू द्यायचा नाही. एफआर फिनिश (एफआर म्हणजे फ्लेम रिटार्डंट, कापड सहज पेटू नये म्हणून त्याला शेवटी लावतात ते रसायन) म्हणून जे काही जगात विकलं जातं त्यातलं बरंचसं या दोनपैकी एका रस्त्यानं जातं.

पहिला रस्ता फॉस्फरसचा. फॉस्फरस असलेला पदार्थ तापला की त्यातून फॉस्फोरिक ॲसिड तयार होतं आणि ते सेल्युलोजमधलं पाणी ओढून घेतं. सेल्युलोजच्या एका कडीत सहा कार्बन असतात आणि पाच पाण्यांइतका हायड्रोजन-ऑक्सिजन. ते सगळं पाणी काढून घेतलं तर मागं नुसता कोळसा उरतो, आणि हिशोब केला तर वजनाच्या ४४ टक्के कोळसा. प्रत्यक्षात एवढा कधीच मिळत नाही, पण दिशा ती. जितका कोळसा जास्त तितका गॅस कमी, आणि वर हा कोळसा कापडावर थर धरून बसतो, आतली उष्णता अडवतो. नायट्रोजन एकटा असेल तर फार काही करत नाही पण फॉस्फरसच्या जोडीला आला की दोघांचं मिळून काम वाढतं, म्हणून या धंद्यात युरिया किंवा तत्सम काहीतरी जवळपास प्रत्येक रेसिपीत असतंच.

दुसरा रस्ता ब्रोमीन-क्लोरीनचा. हे ज्योतीत जाऊन तिथली जळण्याची साखळी तोडतात, कापडाच्या आत फार ढवळाढवळ करत नाहीत. त्यामुळं प्लॅस्टिक, फोम, पॉलिस्टर, सगळ्यावर चालतात आणि थोडक्यात काम होतं. कंपन्यांना ते इतके का आवडले ते समजू शकतं. त्यांचं पुढं काय झालं ते सांगतोच.

मोजायचं कसं? त्यासाठी एलओआय (लिमिटिंग ऑक्सिजन इंडेक्स) नावाचा आकडा आहे, १९६६ साली अमेरिकेत फेनिमोर आणि मार्टिन या दोघांनी ही पद्धत काढली. काचेच्या नळीत कापड उभं करायचं, वरून पेटवायचं, आणि नळीतल्या ऑक्सिजनचं प्रमाण कमी-जास्त करत बघायचं की कमीत कमी किती टक्के ऑक्सिजनवर ते जळत राहतं. हवेत ऑक्सिजन २१ टक्के. सुती कापडाचा एलओआय १८ च्या आसपास, म्हणजे त्याला हवेतला ऑक्सिजनसुद्धा जास्तच होतो, मस्त भडकतं. लोकरीचा २५ च्या जवळ, म्हणून शेकोटीची ठिणगी घोंगडीवर पडली तर छोटंसं भोक पडून किंवा नुसता वास सुटून विषय संपतो, आणि तीच ठिणगी सुती धोतरावर पडली तर पळापळ. साधारण २६-२८ च्या वर गेलं की कापड आगीला बऱ्यापैकी दाद देत नाही असं धरतात. केळीच्या खांबाच्या पाण्यानं सुती कापड १८ वरून ३० वर गेलं. आकडा खरोखर चांगला आहे.

ही कल्पना काही नवीन नाही बरं का. इसवी सनापूर्वी ८६ मध्ये रोमन सेनापती सुल्लानं ग्रीसमधल्या पिरेयस बंदराला वेढा घातला तेव्हा समोरच्या आर्केलाउसचा एक लाकडी बुरूज काही केल्या पेटेना, कारण त्याला तुरटी फासली होती, अशी नोंद जुन्या लॅटिन ग्रंथात आहे. १७३५ साली इंग्लंडमध्ये ओबडाया वाइल्ड यानं तुरटी, बोरॅक्स आणि हिराकस यांच्या मिश्रणाचं पेटंट घेतलं. १८२१ मध्ये फ्रान्सच्या अठराव्या लुईनं गे-लुसाक या रसायनशास्त्रज्ञाला नाटकाच्या पडद्यांचं काहीतरी करा म्हणून कामाला लावलं (त्या काळी थिएटरात दिवे म्हणजे उघडी ज्योत आणि वर मैलभर कापड) आणि त्यानं अमोनियम फॉस्फेट, नवसागर आणि बोरॅक्स वापरून तागाच्या आणि लिननच्या कापडावर काम केलं. दोनशे वर्षं झाली पण सुती कापडासाठी आजही आपण त्याच फॉस्फरसच्या गावात फिरतोय.

मग विसाव्या शतकात धुण्याला टिकणारी फिनिश आली. प्रोबान आणि पायरोव्हॅटेक्स ही त्यातली दोन मोठी नावं, रिफायनरीत, वेल्डिंगला, फौंड्रीत जे सुती एफआर कव्हरऑल घालतात ते बऱ्याचदा यांचंच असतं. काम चोख करतात. पण प्रोबानला शेवटी अमोनिया गॅसचं चेंबर लागतं, म्हणजे कुठल्याही प्रोसेस हाऊसमध्ये (कापडावर रंगाई-फिनिशिंग करणाऱ्या कारखान्यात) होणारं ते काम नाही, आणि पायरोव्हॅटेक्सच्या प्रकारात फॉर्मल्डिहाइड सुटायचा प्रश्न असतो.

आणि ब्रोमीनवाल्यांची गोष्ट तर फारच वाईट. सत्तरच्या दशकात अमेरिकेत नियम आला की लहान मुलांचे झोपायचे कपडे सहज पेटता कामा नयेत. हेतू चांगलाच होता. मग पॉलिस्टरच्या पायजम्यांना ट्रिस नावाचं ब्रोमीनचं रसायन भरभरून लावायला लागले. १९७७ च्या जानेवारीत आर्लीन ब्लम आणि ब्रूस एम्स या शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात लेख लिहिला की हे रसायन जनुकांत बदल घडवतं आणि कॅन्सरचा धोका असू शकतो, त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुलांच्या कपड्यांत त्यावर बंदी आली. पुढच्या वर्षी तर ते पायजमे घालणाऱ्या मुलांच्या लघवीत त्याचा अंश सापडल्याचंही छापून आलं. म्हणजे जळण्यापासून वाचवायला लावलेलं औषध रात्रभर कातडीतून आत जात होतं. त्यानंतर फोम-प्लॅस्टिकमधली ब्रोमीनची बरीच रसायनंही एकेक करून स्टॉकहोम कराराच्या (निसर्गात वर्षानुवर्षं टिकणाऱ्या घातक रसायनांना आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार) यादीत गेली, काही २००९ ला, काही २०१३ ला, काही २०१७ ला. झाडापाल्याकडं संशोधक वळले त्याला हे कारण आहे, नुसतं हर्बलचं फॅड म्हणून नाही.

आता झाडात फॉस्फरस कुठं असतो? बियांत. झाड आपल्या पिल्लासाठी फॉस्फरसचा साठा करून ठेवतं तो फायटिक ॲसिडच्या रूपात. गहू, तांदूळ, तीळ, सगळी कडधान्यं, सगळ्यांत असतं, आणि बियांमधल्या एकूण फॉस्फरसचा मोठा भाग, साधारण साठ ते नव्वद टक्के, याच एका पदार्थात असतो. त्याच्या एकेका रेणूला सहा फॉस्फेटचे गट लटकलेले असतात, वजनात बघितलं तर २८ टक्के निव्वळ फॉस्फरस. डाएटवाले लोक याच्यावर फार चिडून असतात कारण ते लोह आणि जस्त धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही, आणि आपल्याकडं मटकी-मूग भिजवून मोड आणून खातात त्यानं हे ॲसिड बरंच कमी होतं. तर आहारात ज्याची तक्रार, तेच कापडाला सोन्यासारखं. तांदळाच्या कोंड्यात तर ते भरपूर, आणि तेल काढून घेतल्यावर जो कोंडा उरतो त्यातही ते शिल्लक राहतं. राइस ब्रॅन तेल काढणाऱ्या देशात कच्चा माल कुठून आणायचा हा प्रश्न पडायला नको.

२०१२ मध्ये अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या गटानं फायटिक ॲसिड आणि कायटोसान यांचे एकावर एक थर सुती कापडावर चढवले आणि उभ्या ज्योतीच्या टेस्टमध्ये ते कापड आपोआप विझलं. कायटोसान कोळंबीच्या टरफलापासून येतं, तेव्हा शुद्ध शाकाहारी नाही, पण तो भाग सोडा. तिकडं इटलीत तोरिनोच्या पॉलिटेक्निकवाल्यांनी दुधातलं केसीन लावून बघितलं आणि चक्क हेरिंग माशाचा डीएनएसुद्धा लावून बघितला, कारण डीएनएच्या कण्यातही फॉस्फेटच असतं! कागदावर सगळं सुंदर. पण टेक्सासच्या कामात असे तीस जोडथर होते, म्हणजे कापड साठ वेळा बुडवायचं आणि मधे मधे धुवायचं. इचलकरंजीतल्या एखाद्या प्रोसेसवाल्याला जाऊन हे सांगा, चहा पाजून परत पाठवेल. तिथं कापड पॅडिंगच्या टाकीतून एकदा जातं, रोलरमधून पिळून निघतं, स्टेंटरवर (कापड ताणून सुकवायच्या मशीनवर) सुकतं, क्युअर होतं म्हणजे उष्णतेनं फिनिश पक्कं बसतं, आणि मिनिटाला कित्येक मीटर पुढं सरकायलाच लागतं. जे फिनिश एका बुडवणीत बसत नाही त्याचं त्या शेडमध्ये काही काम नाही.

केळीचं पाणी त्या मानानं व्यवहारी आहे. त्यात फॉस्फरस थोडाच, पण पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्लोराइड, सिलिकेट असे क्षार भरपूर असतात. सिरकॉटवाल्यांनी सुती कापडाला आधी टॅनिक ॲसिड आणि तुरटी लावली, म्हणजे नैसर्गिक रंगाईत रंग धरायला करतात तसंच, मग वरून चिकाचं पाणी अल्कलाइन करून चढवलं आणि सुकवलं. कापडाची ताकद फारशी कमी झाली नाही, पण रंग खाकी आला, तो येणारच होता. म्हणजे पांढऱ्या शर्टाचा विषय पहिल्या दिवशीच बाद. याच धर्तीवर डाळिंबाच्या सालीचा अर्क, शहाळ्याच्या करवंटीचा अर्क, पालकाचा रस, असे प्रयोग आपल्याकडं झालेत. पालकाचं ऐकून हसू नका, क्षार आणि नायट्रोजन दोन्ही त्यात आहेत. इथं एक गोष्ट मला सारखी सांगाविशी वाटते की यात जादू झाडाची नाहीये. काम करतायत ते फॉस्फरस, नायट्रोजन, धातूंचे क्षार आणि टॅनिन (झाडातला तुरट, डाग पाडणारा पदार्थ). झाडानं ते जमिनीतून-हवेतून गोळा करून एका जागी आणून ठेवलेत एवढाच झाडाचा वाटा, आणि तो काही लहान नाही, पण मग ज्या नियमांनी कारखान्यातलं फिनिश चालतं त्याच नियमांनी हेही चालणार आणि त्याच ठिकाणी हेही अडकणार.

अडकतं ते धुण्यात.

फिनिश दोन तऱ्हेनं कापडावर बसतं. एक रांगोळीवाणी, वरवर, आणि दुसरं गोंदणावाणी, आत. केळीचं पाणी, पालकाचा रस, साधं फायटिक ॲसिड, हे सगळे क्षार पाण्यात विरघळणारे, म्हणजे रांगोळी. पाण्यात गेले की सुटले. डाग राहील हो, डाग टॅनिनचा, तो कुठं जात नाही, पण ज्यानं आग अडायची ते क्षार पहिल्या-दुसऱ्या धुण्यात गटारात. ही गंमत लक्षात घ्या, म्हणजे कापड खाकी दिसतंय म्हणून फिनिश अजून शाबूत आहे असं समजायचं कारण नाही. संशोधनाचे पेपर वाचताना मी आधी एलओआय बघत नाही, आधी किती धुण्यानंतर मोजलं ते शोधतो. बऱ्याच ठिकाणी ती ओळ सापडतच नाही.

गोंदण करायचं तर सेल्युलोजशी रासायनिक गाठ मारायला लागते. चीनमध्ये चोंगचिंगच्या साऊथवेस्ट युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी यावर चांगलं काम केलंय. त्यांनी फायटिक ॲसिडचं अमोनियम सॉल्ट बनवलं आणि उष्णता देऊन ते सेल्युलोजला जोडलं, तीस धुण्यांनंतरही एलओआय तिशीच्या आसपास राहिला. उत्तमच आहे. पण जोडण्यासाठी डायसायनडायअमाइडसारखं रसायन लागतं, दीडशेच्या वर तापमान लागतं, आणि फायटिक ॲसिड स्वतः चांगलंच आंबट असल्यामुळं गरम क्युअरिंगमध्ये कापसाच्या साखळ्याही थोड्या तोडतं, म्हणजे कापड कमकुवत होतं, पिवळट पडतं. आणि इतकं सगळं केल्यावर त्याला वनस्पतीजन्य म्हणायचं का? म्हणा, काही हरकत नाही, मूळ कोंड्यातच आहे. पण मग जाहिरातीत शून्य केमिकल असं लिहू नका.

धुण्याची आणखी एक खोच आहे ती फारशी कोणी सांगत नाही. फिनिश गाठ मारून घट्ट बसवलं तरी फॉस्फेटचे गट पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पकडतात. तुमच्याकडं बोअरचं जड पाणी असेल, बादलीला पांढरी खरपुडी धरणारं, तर दर धुण्याला थोडं थोडं कॅल्शियम त्या फॉस्फेटवर जाऊन बसतं आणि कॅल्शियम धरलेलं फॉस्फेट तापल्यावर ॲसिड सोडायला कुचराई करतं. फिनिश जागेवर आहे पण काम करत नाही, असा प्रकार. लॅबमध्ये बऱ्याचदा मऊ पाणी वापरतात. लातूरच्या बोअरवर ते धुणं केलं तर निकाल काय येईल ते बघायला मला फार आवडेल. आणि धुऊन जे सुटतं ते जातं कुठं? फॉस्फरस म्हणजे खतच, पंचगंगेत जलपर्णी माजते त्यामागं पाण्यात उतरलेला असाच फॉस्फरस-नायट्रोजन असतो, मग तो कोंड्यातून आलेला असो की कारखान्यातून, जलपर्णीला फरक पडत नाही.

दुसरी अडचण धुमसण्याची. वर म्हटलं ना की केळीचं कापड आडवं धरलं तेव्हा ज्योत नव्हती पण हळूहळू धुमसत होतं. ज्योत नाही म्हणजे झालं असं वाटतं, पण कापसाची गादी विझलेल्या वाटणाऱ्या विडीनं रात्रभर आतल्या आत जळत राहते आणि माणूस आगीनं नाही, धुरानं, कार्बन मोनॉक्साइडनं जातो. सोडियम-पोटॅशियमचे क्षार कापसाचं हे धुमसणं वाढवतात हे जुनं माहिती असलेलं आहे, आणि केळीच्या पाण्यात पोटॅशियमच जास्त, तेव्हा मला तरी त्या दोन्हींचा संबंध वाटतो. जुन्या लोकांना हे कळलं होतं. नुसता बोरॅक्स लावला की ज्योत थांबायची पण कड लाल होऊन जळत राहायची, म्हणून त्यात बोरिक ॲसिड मिसळायचे, सात भाग बोरॅक्स तीन भाग बोरिक, ही जुनी रेसिपी आहे. फॉस्फरस पुरेसा असला तर त्यानंही धुमसणं थांबतं. म्हणजे चिकाच्या पाण्यात कोंड्याचं फायटिक ॲसिड घालून बघायला हवं, दोन्ही टाकाऊ माल, हे मला तरी पुढचं सरळ पाऊल वाटतं.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी आणि ती कापसाची नाहीच. १९९५ च्या डिसेंबरात हरियाणात डबवालीला शाळेच्या कार्यक्रमात मांडवाला आग लागली, चारशेहून जास्त माणसं गेली, त्यात पोरं किती. वर सिंथेटिक कापड होतं, ते वितळून जळत जळत खाली बसलेल्यांच्या अंगावर पडत गेलं आणि बाहेर पडायला दार अपुरं. आज गणपतीचा मांडव बघा, लग्नाचा हॉल बघा, झालरी, सीलिंगचं कापड, मागचा पडदा, बहुतेक सगळं पॉलिस्टर नाहीतर तसंच काहीतरी. पॉलिस्टरचा एलओआय वीस-बावीसच्या घरात, कापसापेक्षा थोडा बरा, पण ते वितळतं आणि ठिबकतं. फॉस्फरसची कोळसा करायची युक्ती सेल्युलोजवर चालते कारण सेल्युलोजमध्ये काढून घ्यायला पाणी आहे, पॉलिस्टरमध्ये ती सोय नाही. म्हणून केळीचा चीक असो की फायटिक ॲसिड, पॉलिस्टरवर त्यांचा जोर चालत नाही. कापूस-पॉलिस्टर मिक्समध्ये तर आणखी वाईट, कारण कापसाचा कोळसा वितळलेल्या पॉलिस्टरला धरून ठेवतो, ठिबकून खाली पडूही देत नाही, आणि दोन्ही मिळून जास्त जोमानं जळतं.

मग हे फिनिश घालायचं कुठं? जिथं कापड सुती किंवा ज्यूटचं आहे आणि जे कधी धुतलं जात नाही, किंवा वर्षातून एखाद्या वेळी. नाट्यगृहाचे पडदे आणि विंगा, ज्यूटचे भिंतीवरचे पॅनल, सोफ्याच्या आतलं कापड, गादीच्या खोळीचा आतला थर, प्रदर्शनाचे स्टॉल, सुती तंबू. इथं खाकी रंग चालतो, नाट्यगृहाच्या काळ्या विंगेला तर प्रश्नच नाही, आणि धुणं नाही म्हणजे रांगोळी पुसायची भीती नाही, फक्त पावसापासून आणि दमटपणापासून सांभाळायचं, क्षार हवेतलं पाणी ओढतात, कोकणात पावसाळ्यात ते कापड चिकचिकीत लागू शकतं. रोजच्या साडीला, ड्रेसला, पोरांच्या फ्रॉकला हे लावायच्या फंदात निदान सध्या तरी पडू नये. तिथं गॅसपुढं (वितळून अंगाला न चिकटणारा) सुती कपडा, खोचलेला पदर आणि ओट्याची उंची याच गोष्टी जास्त कामाच्या.

घरी करून बघू का, असं काही जण विचारतात. विज्ञान प्रदर्शनाला करा की, मोठ्या माणसाला शेजारी उभं करून, फरक डोळ्यांनी दिसतो. पण घरात बनवलेलं पाणी मंडळाच्या मांडवावर फवारून आता आम्ही फायरप्रूफ म्हणू नका. किती लागलं, कुठं कमी लागलं, पावसानं गेलं का, काही कळत नाही. बाजारात हर्बल फायरप्रूफ स्प्रे म्हणून कोणी काही विकायला आला तर त्याला विचारायचं की कुठल्या कापडावर टेस्ट केली, सुती की पॉलिस्टर, टेस्ट रिपोर्ट कुठल्या लॅबचा, किती धुण्यांनंतरचा, आणि ज्योत विझल्यावर धुमसणं किती सेकंद चाललं. पडद्यांसाठी आयएस १५७४१ असं भारतीय मानक आहे, त्याचा रिपोर्ट मागा. फायरप्रूफ हा शब्दच मुळात खोटा आहे, ठरावीक उष्णतेच्या पुढं सगळंच जातं. हे फिनिश मिळवून देतं ती काही सेकंदांची, फार तर मिनिटांची सवड, पळायला.

राहिला प्रश्न माल कुठून येणार. केळीचं झाड एकदाच फळतं, घड उतरवला की खांब कापून बांधावर टाकतात, जळगाव जिल्ह्यात असे खांब किती पडतात ते बघायला एकदा सीझनला सावदा-फैजपूरच्या रस्त्यानं जा. त्यातून मशीनवर धागा काढतात तेव्हा हे पाणी आपोआप निघतं, म्हणजे माल फुकटच म्हणायचा. पण ते टिकत नाही, हवा लागली की काळं पडतं, आंबतं, आणि टँकर भरून इचलकरंजीला न्यायचं तर नव्वद टक्क्यांहून जास्त नुसतं पाणीच वाहून नेणार, मग आटवायचं कुठं, डिझेल कोणाचं, दर खांबाला शेतकऱ्याला काय मिळणार. शिवाय या पाण्याला दुसरं गिऱ्हाईक आधीच उभं आहे. गुजरातेत नवसारी कृषी विद्यापीठानं याच चिकापासून नोव्हेल नावाचं द्रवरूप सेंद्रिय खत बनवलंय, त्याचं पेटंटही आहे, आणि खताला ना एलओआय मोजायला लागतो ना धुण्याची टेस्ट, ड्रममध्ये भरलं की शेजारच्या शेतात खपतं. तेव्हा कापडवाल्यांना हा चीक हवा असेल तर खतवाल्यापेक्षा दोन पैसे जास्त द्यायला लागतील, आणि ते द्यायला नाट्यगृहं, पडदेवाले आणि मंडपवाले तयार आहेत का हे अजून कोणी त्यांना धड विचारलेलंही नाही.